बाराच्या खाली

१

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. आमच्याकडे शपथ भाकरीवर घेतात: खोटं बोललो तर भाकरी मला मारो. मी आत्ता ताटातल्या ताज्या भाकरीवर डावा हात ठेवला आहे आणि उजव्या हाताने हे टाइप करतो आहे.

आता अक्षर न् अक्षर म्हणजे असं, की माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे असं मी लिहिणार होतो, पण ती तिसऱ्यावर आहे. दुसऱ्यावर मोटार शिकवण्याची शाळा. आणि भाकरी ताजी नाही, कालची आहे. शिवाय यात एक माणूस मी पदरचा घातला आहे. कोणता, ते शेवटी सांगेन. एवढं सोडलं तर सगळं खरं.

मी अमानताय. वय त्रेपन्न, मुक्काम करागंदा, कोळशाच्या खाणींवर वसलेलं गाव. इथे खाणींच्या यंत्रांवर संशोधन करणारी एक मोठी संस्था होती. संस्था गेली, इमारत राहिली. आता तिथे खोल्या भाड्याने मिळतात आणि मी त्यातल्या एकीत जुने माउस, कीबोर्ड, टचपॅड यांच्या ढिगाऱ्यात बसतो. सकाळी पगाराची नोकरी, दुपारी अलाकान.

अलाकान म्हणजे तळहात. आमच्या कोडचं नाव ते. फुकट आहे, कोणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारून परत पाठवावा. माणूस टचपॅडला बोट लावतो आणि पडद्यावरचा बाण हलतो, त्या बोटाच्या आणि बाणाच्या मध्ये जो उभा असतो तो अलाकान. हाताने काय केलं ते तो ऐकतो आणि त्यातलं खरं किती ते ठरवतो. बाही घासली, पाण्याचा थेंब पडला, टाइप करताना मनगट टेकलं, हे त्याने गाळायचं. हेतू कुठला आणि अपघात कुठला, हे ठरवण्याचं काम खरं तर वर बसलेल्याचं. ते आम्ही दोघं जण रोज दोन ते सहा या वेळात बिनपगारी करायचो.

दुसरा म्हणजे साके. पूर्ण नाव सायलाऊ, म्हणजे निवडणूक. मतदानाच्या दिवशी जन्मला, तर आईबापांनी तेच नाव ठेवलं. “माझ्या आयुष्यात निवड करायची संधी ती एकदाच आली, तीही दुसऱ्यांना,” असं तो म्हणायचा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी आदराने साके म्हणे. तरुणपणी तो खाणीत होता, वायू मोजणाऱ्या सेन्सरांवर. सेन्सर ओरडला की काम बंद ठेवावं लागतं. मग लोक सेन्सरला ओली चिंधी गुंडाळतात. सेन्सर गप्प, काम चालू. त्या चिंधीपायी साकेने एका सकाळी सात माणसं झाकलेली पाहिली होती.

म्हणून अलाकानमध्ये त्याचे दोन नियम होते. पहिला: हाताने जे केलं ते आधी जसंच्या तसं लिहून ठेव, मग काय ठरवायचं ते ठरव. दुसरा: जगभरच्या लोकांनी आम्हाला आपापल्या हातांच्या नोंदी पाठवलेल्या, कोडमध्ये एक अक्षर बदललं तरी त्या सगळ्या पुन्हा चालवून बघायच्या. एक जरी हात ओळखता आला नाही, तर दिवा लाल. लाल असताना पुढे जायचं नाही.

“चिंधी गुंडाळू नकोस,” ही त्याची सगळ्यात वाईट शिवी. बाकीच्या शिव्या तो प्रेमाने द्यायचा.

२

सहा वर्षांपूर्वी साकेचे स्नायू वाळायला लागले. आधी पाय, मग हात, मग आवाज. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे उजव्या हाताची तर्जनी तेवढी उरली होती. पलंगावर त्या बोटाखाली एक टचपॅड ठेवलेला, तो लॅपटॉपला जोडलेला, आणि लॅपटॉपवर आमचा अलाकान. स्वयंपाकघरात एक पांढरी डबी होती. पटापट तीन स्पर्श केले की डबी वाजे: ये. एक लांब स्पर्श: बरं आहे, जा.

तो नौरीझच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, दिवसांत गेला, बावीस मार्चला दुपारी. घशात कफ अडकला. कफ ओढायचं यंत्र पलंगाला टेकूनच होतं आणि बिबिगुलला ते दोन मिनिटांचं काम. दिवसातून चारदा करायची. पण डबी वाजली नाही.

बिबिगुल त्याची बायको. साके मला मोठ्या भावासारखा, म्हणून ती माझी झेंगे, म्हणजे वहिनी. जुन्या चालीप्रमाणे झेंगे दिराचं नाव घेत नाही, टोपणनाव ठेवते. माझं तिने ठेवलं होतं गोडजिभ्या. त्याला कारण आहे. वाईट बातमी आमच्याकडे कोणी तोंडावर फेकत नाही. आडवळणाने सांगतात: तळ्यावरचा हंस उडाला म्हणायचं, ऐकणाऱ्याने काय ते समजायचं. या कामाला बोलका माणूस पाठवतात. आमच्या भागात वीस वर्षं तो माणूस मी. माझे हंस प्रसिद्ध आहेत.

चाळीस दिवसांचं जेवण झालं आणि दुसऱ्या आठवड्यात ती तीन मजले चढून माझ्या खोलीत आली. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला, वर तो टचपॅड.

“ए गोडजिभ्या, तुमचं ते यंत्र सगळं लिहून ठेवतं ना?”

“ठेवतं झेंगे. बस तरी.”

“बसायला नाही आले. त्या दिवशी त्याने मला बोलावलं होतं का, ते बघ.”

मी चहा ओतायला लागलो. हाताला काहीतरी काम हवं होतं.

“बोलावलं असेल तर मला ते कळायला हवं. नसेल तरी कळायला हवं. आणि सरळ सांग. हंस उडवू नकोस. तुझे हंस मी पुष्कळ दारांत पाहिलेत, एकही परत आला नाही.”

३

आमच्या नोंदवहीत दोन रकाने असतात. डावीकडे हाताने काय केलं. उजवीकडे अलाकानने त्यातलं काय खरं मानलं. प्रत्येक स्पर्शाची एक ओळ: वेळ, जागा, वजन.

ती गेल्यावर मी बावीस मार्च उघडला. सकाळभर काही नाही. मग:

एक वाजून बावन्न मिनिटं. वजन अकरा. अकरा. दहा.

उजवा रकाना कोरा.

खाली पुन्हा तीन ओळी. पुन्हा तीन. मी चाक फिरवत राहिलो आणि डावा रकाना संपेना. उजवीकडे बर्फ पडल्यासारखं पांढरं.

अलाकानला एक मर्यादा असते. तिच्याहून हलका स्पर्श तो स्पर्शच धरत नाही. कित्येक वर्षं ती मर्यादा पाच होती. फेब्रुवारीत कुठूनसा एकाने बदल पाठवला, मर्यादा बारा करा. कार्लिगाश असं नाव लावलं होतं, म्हणजे पाकोळी. आमच्या धंद्यात असे बिनचेहऱ्याचे लोक रोज येतात, एक ओळ सुधारतात आणि जातात. त्याचं म्हणणं, बाहीच्या टोकानेसुद्धा बाण उड्या मारतो, लोक वैतागलेत. मी वाचलं, बरोबर वाटलं, ‘चालेल’ लिहिलं. मार्चच्या मध्यात नवी आवृत्ती निघाली. साकेच्या लॅपटॉपने ती एकवीस तारखेच्या संध्याकाळी गुणी मुलासारखी आपली आपण बसवून घेतली.

मी मोजलं. एक बावन्नपासून दोन एकतीसपर्यंत. एकशे सतरा वेळा, तीन-तीन. वजन उतरत गेलेलं: अकरा, नऊ, सात. शेवटच्या तिन्ही ओळी चारच्या. जुन्या मर्यादेने त्या तेवढ्या गाळल्या असत्या. आधीच्या एकशे सोळा वेळा डबी वाजली असती. पहिल्याच वेळी वाजली असती.

आणि त्या एकोणचाळीस मिनिटांत मी कुठे होतो? त्या डबीखाली. स्वयंपाकघरात अकरा पाहुणे होते, सात जिन्नसांची पेज वाढली जात होती आणि मी सगळ्यांना दोन किलोच्या माउसाचा किस्सा सांगत होतो: संस्थेत एकदा खाणीच्या कारखान्याकडून संगणकाचा माउस बनवून घेतला, तो उचलायला दोन माणसं लागायची आणि खाली ठेवताना शिट्टी द्यावी लागायची. लोक डोळे पुसत हसत होते. कुणीतरी मधलं दार ओढून घेतलं, साकेची झोप मोडू नये म्हणून. झेंगे म्हणाली होती, “आज किती शांत झोपलाय बघा. एकदाही हाक नाही.”

मी लॅपटॉप मिटला. झेंगेला काय सांगायचं ते ठरवायला मला चहाचा एक पेलासुद्धा लागला नाही: ‘झोपला होता.’

४

खालच्या दारावर किल्ल्या सांभाळते ती एल्विरा गेनरिखोव्ना. एकाहत्तर वर्षांची जर्मन; आजोबांना हद्दपार करून इथे आणून टाकलं होतं, तेव्हापासून हे घराणं आमचंच. चारेक दिवसांनी मी जेवून परत येत होतो, तिने काठी आडवी धरली.

“अमानताय, जेवायला जातोस तेव्हा खोलीत कोणाला कोंडून जातोस?”

“तीन बायका आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“एकीला तरी चावी देत जा. बिचारी दारावर टकटक करते. दारावर नाही, टेबलावर. फार हळू. मी जिना पुसत होते म्हणून ऐकू आलं.”

“पाइप वाजत असतील.”

“पाइप थंड पडून दहा दिवस झाले. खोटं बोलायचं तर हंगाम बघून बोलावं.”

“मग उंदीर.”

“तीनपर्यंत मोजणारा?” असं म्हणून तिने काठी बाजूला केली.

मी हसत वर गेलो. दार उघडून तसाच उभा राहिलो. खोलीत दुपारचं ऊन, ढिगाऱ्यातले माउस, खिडकीबाहेर चिमणीचा धूर आडवा झालेला. टेबलावर साकेचा टचपॅड. तो मी माझ्या संगणकाला जोडून ठेवला होता, तपासायला. निदान स्वतःला मी तसंच सांगितलं होतं.

नोंद उघडली. आजची तारीख, एक वाजून बावन्न मिनिटं. अकरा, अकरा, दहा.

काल. एक बावन्न. परवा. एक बावन्न.

५

आता मी काही भुताखेतांना भिणारा माणूस नाही; ती मी दुसऱ्यांना भिववायला वापरतो. टचपॅड आपल्या आपण स्पर्श नोंदवतो, हे आम्ही शंभरदा पाहिलंय. हवा दमट असेल, वायर कुजली असेल, इमारतीची वीज नीट जमिनीत उतरत नसेल. करागंदातली कुठली इमारत जमिनीशी नीट जोडलेली आहे? खाली सगळं पोकळ.

मी वायर बदलली. दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो नाही. डबा घेऊन टेबलाशी बसलो. एक बावन्नला नोंदीत तीन ओळी उमटल्या. टचपॅडवर काही नव्हतं. माझी नजर त्याच्यावरून हलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी वायर काढूनच टाकली. टचपॅड खणात. एक बावन्न, तीन ओळी. यंत्राच्या नावाच्या जागी नुसती रिकामी जागा.

मग मला वाटलं, कोड चुकत असेल. चूक कोडमध्ये असली की मला बरं वाटतं. चूक तिथे असेल तर ती माझ्यात नसते. मी मर्यादा बारावरून आठ केली. म्हटलं, अकरा वजनाचा आहे ना, येऊ दे आता उजव्या रकान्यात, बघू तरी काय आहे.

एक बावन्न. सात, सात, सात. उजवा रकाना कोरा.

मर्यादा चार केली. तीन, तीन, तीन.

त्या दिवशी मी खिडकी उघडून बराच वेळ उभा राहिलो. खाली शिकाऊ मोटार मागे घेता घेता खांबाला लागली आणि मास्तर ओरडायला लागला. मला त्या ओरडण्याचा इतका आधार वाटला की मी त्याला वरून नमस्कार केला.

मी जितकं खाली वाकत होतो, तितकाच तो आणखी खाली सरकत होता. एक गोष्ट समजत होती आणि समजून घ्यायची नव्हती. तो मला काही सांगत नव्हता. त्या दिवशी त्याचं काय झालं, तेवढंच दाखवत होता. मर्यादा कुठलीही ठेव. मी तिच्या खाली.

६

बुधवारी मी मर्यादा काढूनच टाकली. जे येईल ते खरं. साकेचा टचपॅड खणातून काढला, पुसला, टेबलाच्या मधोमध ठेवला. वायर जोडली नाही. एल्विरा गेनरिखोव्नाला सांगितलं, अर्धा तास कोणाला वर सोडू नका.

“बायका आज चौघी आहेत वाटतं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “दार उघडं ठेव, अमानताय.”

दार उघडं ठेवलं. एक पन्नास. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलेलं. पहिल्या मजल्यावर एक शिंपीण बसते, तिच्या यंत्राचा आवाज येत होता, थांबत होता, येत होता. मी स्वतःला बजावलं: काळी काच, वर थोडी धूळ, बाकी काही नाही.

एक बावन्न.

शिंपिणीचं यंत्र थांबलं. मग ऐकू आलं ते टकटक म्हणावं इतकंही नव्हतं. भिजलेल्या बोटाने कोणी काचेला शिवावं तसं. आवाज वरून येत नव्हता.

काचेत एक फिका ठिपका उमटला. आपण खिडकीला बोट दाबलं आणि पलीकडून कोणी पाहिलं तर जसं दिसेल तसा: लंबगोल, रक्त नसलेला, रेषा चपट्या झालेल्या. बोट काचेच्या वर नव्हतं. खालून लागलं होतं. उमटला, गेला. उमटला, गेला. उमटला.

तिसऱ्या वेळी तो इतका हळू लागला, की मी श्वास घेतला असता तर दिसला नसता.

नोंदीत वजन शून्य होतं. शून्य, शून्य, शून्य. आणि उजवीकडे, पहिल्यांदाच, एक शब्द: ये.

मी टचपॅड पालथा घातला आणि त्यावर कीबोर्डांचा गठ्ठा ठेवला. लाज वाटते, पण पहिला विचार सुटकेचा आला. ती खूण माझ्यासाठी नव्हती. स्वयंपाकघरात जो असेल त्याच्यासाठी होती.

मग आठवलं, स्वयंपाकघरात मी होतो.

७

शुक्रवारी दुपारी झेंगेकडे गेलो. शुक्रवारी आमच्याकडे गेलेल्यांसाठी सात शेलपेक तळतात, पुरीसारखे पातळ. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. चार तळून झाले होते. पांढरी डबी जागच्या जागी, मिठाच्या बरणीशेजारी.

“बस. आणि सांग,” मागे न वळता ती म्हणाली.

“झेंगे, वसंतात तळ्यावर जेव्हा हंस—”

“आणखी एक हंस उडव, हा झारा डोक्यात घालीन.”

सरळ सांगायची माझी शेवटची संधी ती. वीस वर्षांत माझ्याकडे सरळ बातमी कोणी मागितली नव्हती. ती कशी देतात तेच मला ठाऊक नव्हतं.

“झोपला होता,” मी म्हटलं.

झारा थांबला.

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही. रकाना कोरा आहे.”

उजव्या रकान्यापुरतं हे खरं होतं. माझं सगळं खोटं असंच असतं, कुठल्या ना कुठल्या रकान्यापुरतं खरं.

तेव्हा डबीवरचा लाल दिवा लागला. तीनदा. आवाज नाही, नुसता दिवा. झेंगेने मान वळवली नाही.

“एक बावन्न झाले,” ती म्हणाली. “मी त्यावरच घड्याळ लावते हल्ली.”

“बॅटरी...”

“साखरेच्या डब्यामागे आहे बघ. पहिल्याच आठवड्यात काढली.” तिने पाचवा शेलपेक उलटला. “मी ‘आले’ म्हणते, हात पुसते आणि त्या खोलीत जाऊन उभी राहते. रोज. मग थांबतं. पलंगावर काही नसतं रे. उशीसुद्धा मी काढून टाकली. पण गेलं की थांबतं.”

“आणि नाही गेलीस तर?”

“गेले नाही असं झालं नाही अजून.” आता ती वळली. डोळे कोरडे होते, फक्त दमलेले. “त्या दिवशी त्याने बोलावलं असेल आणि मी इथे पेज ढवळत असेन, तर मी मरेपर्यंत जाईन. माझ्या वाट्याचं आहे ते. पण बोलावलंच नसेल, तर ही डबी बिघडली आहे, एवढंच. म्हणून तुझ्याकडे आले होते. कोरं म्हणतोस ना?”

दिवा पुन्हा लागला. तीनदा.

तेलात शेलपेक फुगत होता. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी दया करतो आहे.

“कोरं आहे, झेंगे.”

तिने मान हलवली. ओट्यावरचं ओलं फडकं घेतलं, डबी त्यात नीट गुंडाळली, दोन पदर, तीन पदर, आणि खणात ठेवली. खण पूर्ण लागत नव्हता. मग समोर येऊन बसली. दुधाचा चहा ओतला. वयाची दहा वर्षं उतरल्यासारखी दिसत होती.

“सुटले बाई. तो तुझा किस्सा सांग ना, दोन किलोच्या माउसाचा. त्या दिवशी मी अर्धाच ऐकला.”

खणाच्या फटीतून, ओल्या कापडातून, लाल उजेड येत होता. तीनदा. विश्रांती. तीनदा.

मी किस्सा सांगितला. ती हसली; शिट्टीच्या ठिकाणी तर पोट धरून हसली. तिची पाठ खणाकडे होती, माझं तोंड. मी सांगता सांगता मोजत होतो. दोन एकतीसला थांबलं.

एकशे सतरा.

८

आता पदरचा माणूस कोणता ते सांगतो.

तुम्हाला एल्विरा गेनरिखोव्ना वाटली असेल. ती आहे, आणि तिची काठीही आहे. तुम्हाला वाटेल काचेतलं बोट मी रचलं. ते रचायला जमलं असतं तर बरं झालं असतं.

कार्लिगाश नावाचं कोणी नाही. बदल मी केला.

फेब्रुवारीत कुणीतरी बाहीची तक्रार केली होती, ते खरं. मी टचपॅड पुढे ओढला आणि माझ्या बोटाने जितकं हळू शिवता येईल तितकं शिवलो. बारा आलं. दहा वेळा करून पाहिलं. बारा, तेरा, बारा. म्हटलं, याहून हलकं माणूस शिवूच शकत नाही. माझं बोट जाड आहे, निरोगी आहे, त्याला रोज मांस मिळतं. त्या बोटाने मी साऱ्या जगाच्या बोटांचं माप ठरवलं. मग नोंदी चालवल्या, नियमाप्रमाणे. चारशे बारा हात. चारशे अकरा पास झाले, एक लाल. नोंदीचं नाव होतं: सायलाऊ, उजवी तर्जनी.

जेवायची वेळ झाली होती. लाग्मान, म्हणजे शेवयांचा रस्सा, निवला की मजा जाते. मी त्या एका नोंदीपुढे लिहिलं ‘तूर्त वगळा’. दिवा हिरवा झाला. नियम त्याचा, बोट त्याचं, आणि चिंधी मी गुंडाळली. परत येऊन बघेन म्हणून जेवायला गेलो आणि विसरलो. आमच्या धंद्यात ‘तूर्त’ला तारीख नसते.

नंतर मी मर्यादा पुन्हा पाच केली. तशी नवी आवृत्ती सगळ्यांकडे पोचलीही. झेंगे आता त्या खोलीत जात नाही. तिला चांगली झोप लागते. तिच्याऐवजी मी जायला बघतो: एक बावन्नला माझ्या तिसऱ्या मजल्यावर मोठ्याने ‘आलो’ म्हणतो. एल्विरा गेनरिखोव्नाने त्याबद्दल विचारणंही सोडलं आहे. पण थांबत नाही. तीन स्पर्श, विश्रांती, तीन स्पर्श. तो एक लांब स्पर्श, बरं आहे, जा, तो अजून आलेला नाही. हल्ली टचपॅडही लागत नाही. टेबल चालतं, पेल्याची काच चालते.

उद्या शुक्रवार. झेंगेला सगळं सांगायचं आहे. सरळ कसं सांगतात ते येत नाही, म्हणून आधी तुमच्यापुढे सांगून पाहिलं. जमलं नाही, ते मलाही दिसतंय; आठ आकडे घालूनसुद्धा हंसच उडाला.

आणि सांगितलं तर ती पुन्हा रोज त्या पलंगापाशी जाऊन उभी राहील, मरेपर्यंत. नाही सांगितलं तर खणात फडक्याखाली तो दिवा लागत राहील. यातलं मी काय करणार, हे मला विचारू नका. माझं उत्तर तुम्ही धरू नये असं आहे.

एक त्रेपन्न झालेत. डावा हात अजून भाकरीवरच आहे, शपथ मोडू नये म्हणून. भाकरी शिळी आहे, कडक. तिच्यात हलण्यासारखं काही नाही. तळहाताखाली, खालून, काहीतरी लागतं आहे. फार हळू. बाराच्या खूप खाली.